खडीच्या डोंगरवाटा, मोटारसायकल आणि तंबू: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

डोंगरातल्या निर्जन, खडीच्या रस्त्यांवर मोटारसायकलने जाऊन तंबूत राहायचे बेत फसतात ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. आधी तंबू विकत घेतला जातो आणि तो गाडीवर कुठे बसणार हे नंतर पाहिलं जातं. आधी नकाशावर किलोमीटर मोजले जातात आणि उजेड किती वाजेपर्यंत राहील हा प्रश्न अंधार पडल्यावर पडतो. खडीवर टायरमधली हवा कमी करायची हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण ती उतरते दोनदा घसरून झाल्यावर.

ज्यांना डांबरावर गाडी व्यवस्थित चालवता येते, पण सामान लादून खडीवर जायची पहिली-दुसरीच वेळ आहे, त्यांच्यासाठी हे टप्पे आहेत. टप्पे दिलेत त्याच क्रमाने करा. पुढचा टप्पा मागच्यावर उभा आहे.

टप्पा १: आधी दिवस आखा, मग अंतर

डांबरावर तासाला पन्नास-साठ किलोमीटर पडतात, म्हणून खडीवर चाळीस तरी पडतील, असा हिशेब करू नका. चढ, आंधळी वळणं, ओढे, फोटो, पाणी प्यायला थांबणं हे सगळं धरून लादलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी २० ते २५ किलोमीटर धरा. दिवसातले पाच-सहा तास प्रत्यक्ष गाडीवर गेले तर १०० ते १५० किलोमीटर होतात. पहिल्या दिवशी त्याहून कमी ठेवा.

आता उलटा हिशेब करा. सूर्यास्ताच्या दोन तास आधी गाडी मुक्कामाच्या जागी उभी असायला हवी. खोल दरीत सूर्य कड्याआड लवकर जातो आणि अंधार पडायच्या आधीच थंडी पडते, त्यामुळे दरीतल्या मुक्कामाला आणखी तासभर आधी पोचा. तिथून मागे येत निघायची वेळ ठरवा. मधे किती अंतर मावतं ते शेवटी बघा.

नकाशावर प्रत्येक दिवसासाठी तीन खुणा करा: ठरलेला मुक्काम, त्याच्या तीसेक किलोमीटर अलीकडची पर्यायी जागा, आणि जिथून मागे फिरणं पुढे जाण्यापेक्षा सोपं आहे असा शेवटचा बिंदू. तिसरी खूण फार कमी लोक करतात. दरड आडवी आली किंवा ओढा फुगला की मन ‘एवढं आलोय तर’ म्हणू लागतं. त्या वेळी कागदावरची ती खूणच उपयोगी पडते.

नकाशा फोनमध्ये इंटरनेटशिवाय उघडेल असा उतरवून घ्या आणि एक कागदी प्रतही ठेवा. खिंड उघडी आहे का, परवाना लागतो का, हे त्या-त्या भागातल्या प्रशासनाकडूनच विचारून घ्या. घरच्या एका माणसाकडे वाट, मुक्काम आणि ‘अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर अमुक ठिकाणी कळव’ एवढं लिहून द्या. नुसतं ‘पोचलो की फोन करतो’ म्हणून निघालात तर उशीर झाल्यावर घरच्यांना काय करायचं ते कळत नाही.

*उंचीबद्दल सावधान:* गाडीने एका दिवसात दोन हजार मीटर चढणं अगदी सोपं आहे. शरीराला ते सोपं नाही. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपायच्या जागेची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. दिवसा उंच खिंड ओलांडून पलीकडे खाली उतरून झोपलात तर चालतं. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर आणखी वर चढू नका. चालताना तोल जायला लागला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर उजाडायची वाट न पाहता खाली उतरवायची व्यवस्था करा. तोल गेलेल्या माणसाला मात्र स्वतः गाडी चालवू देऊ नका.

टप्पा २: गाडी, सामान चढवण्याआधी

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. निदान दहा दिवस आधी करा आणि मग शंभर-दोनशे किलोमीटर फिरवा. सैल राहिलेला नट, गळणारं सील, चुकीची बसलेली वायर, जे काय व्हायचं ते घराजवळ होऊ दे.

तपासायच्या गोष्टी गाडीच्या पुस्तिकेत असतात, त्या सगळ्या इथे उतरवत नाही. खडीवर ज्या खास नडतात तेवढ्याच सांगतो.

चेन: लोक ताणून घट्ट करतात. सामान आणि माणूस बसल्यावर मागचं सस्पेन्शन दबतं आणि चेन आणखी ताणली जाते. खड्ड्यात आपटल्यावर तो ताण थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. पुस्तिकेत जेवढी ढील दिली आहे तिच्या सैल टोकाकडे ठेवा.

मागचं सस्पेन्शन: प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवा. ढोबळ ताळा असा की स्वार आणि सामानासह गाडी सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश बसावी. त्याहून जास्त बसली तर पुढचं चाक हलकं होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो.

स्पोक: चाक उचलून फिरवा आणि पान्याने एकेका स्पोकला टिचकी मारत जा. सगळे साधारण सारख्या सुरात वाजले पाहिजेत. एखादा ‘थड्’ असा बद्द वाजला तर तो सैल आहे.

लिव्हर: क्लच आणि ब्रेकचे लिव्हर हँडलवर इतकेच घट्ट करा की जोरात धक्का बसला तर जागेवर फिरतील. गाडी पडली तर फिरलेला लिव्हर वाचतो, आवळून बसवलेला मोडतो.

क्लचची नवी वायर जुन्या वायरीला समांतर ओढून टेपने बांधून ठेवा. वायर तुटली की दोन्ही टोकं बदलली, काम झालं. टाकी उतरवत बसावं लागत नाही.

टायर: मधल्या खाचा निम्म्याहून जास्त झिजल्या असतील तर नवे टाका. ‘एवढी ट्रिप निघेल’ हा विचार डांबरावर ठीक आहे.

टप्पा ३: वजन

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबू.

पुस्तिकेत गाडीची कमाल भारक्षमता दिलेली असते. तिच्यात तुम्ही, तुमचे बूट-जॅकेट-हेल्मेट, मागचा माणूस, सामान, सामानाच्या पेट्या आणि त्या अडकवायच्या लोखंडी चौकटी सगळं धरायचं. मागच्या कॅरिअरची मर्यादा वेगळी असते आणि बऱ्याच गाड्यांत ती पाच ते दहा किलो एवढीच असते. खडीवर कॅरिअरचं वेल्डिंग तुटतं, त्यामागे सहसा ही मर्यादा न वाचणंच असतं.

घरचा वजनकाटा घ्या. प्रत्येक पिशवी मोजा, अंदाजपंचे नको. एकट्या माणसाच्या आठवडाभराच्या प्रवासाला पाणी आणि जादा पेट्रोल सोडून २० ते २५ किलोत भागतं. पस्तीसच्या वर गेलात तर कपडे काढा, भांडी काढा, ‘लागलं तर’ या नावाखाली घेतलेल्या वस्तू काढा. हत्यारं, पंपाचा संच आणि प्रथमोपचाराची पेटी मात्र वजनासाठी कमी करायची नाही. लोक नेमकं उलटं करतात: खुर्ची ठेवतात आणि टायर उचकटायचे लिव्हर काढतात.

आता मांडणी. जड वस्तू खाली आणि पुढे, हलक्या वस्तू वर आणि मागे. हत्यारं, सुट्टे भाग, पाणी हे इंजिनाच्या जितकं जवळ आणि जितकं खाली जाईल तितकं चांगलं. क्रॅशगार्डवर अडकवलेल्या छोट्या पिशव्या यासाठी उत्तम. स्टोव्ह, खाणं, तंबूचे खांब बाजूच्या पिशव्यांत. सीटच्या मागे आडव्या पिशवीत स्लीपिंग बॅग, मॅट आणि कपडे. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे गेलेलं वजन पुढचं चाक उचलायला बघतं. चढावर, खडीत, वळताना हँडल फिरवल्यावर गाडी सरळच जाते असं वाटलं, तर दोष बहुधा मागे बांधलेल्या त्या जड पिशवीचा असतो.

डाव्या-उजव्या पिशव्यांचं वजन किलोभराच्या फरकात ठेवा.

कडक पेट्या की कापडी पिशव्या? खडीसाठी माझं मत कापडी पिशव्यांच्या बाजूने आहे. गाडी आडवी होते तेव्हा पाय पेटीखाली अडकून मोडू शकतो. कापडी पिशवी दबते. कापडी पिशवीला कुलूप लागत नाही हे खरं, पण निर्जन रस्त्यावर चोरापेक्षा खडीची भीती जास्त.

बांधायला आकडे असलेली रबरी दोरी वापरू नका. ती ताणते, आकडा सुटतो आणि चाकात जातो. बकलचे सपाट पट्टे वापरा. पट्टा ओढल्यावर उरलेलं टोक लोंबत ठेवायचं नाही. गुंडाळून पट्ट्याखालीच खोचा आणि वर टेपचा एक वेढा द्या. हे टोक चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं. सायलेन्सरजवळच्या पिशवीला दोन बोटं अंतर हवं; तेही सामान दबल्यावर. म्हणजे गाडीवर बसून, कोणाला तरी पाहायला सांगून.

*अंगावर काय ठेवायचं:* फोन, ओळखपत्र, निरोप पाठवायचं सॅटेलाइट यंत्र असेल तर ते, रक्तस्राव थांबवायची पट्टी, शिट्टी, काड्यापेटी किंवा लायटर. गाडी दरीत गेली आणि तुम्ही रस्त्यावर राहिलात तर पिशवीतलं काहीच कामाचं नाही.

*तपासा:* सगळं लादून जवळच्या कच्च्या रस्त्यावर तीस-चाळीस किलोमीटर फिरून या. उभं राहून चालवा, जोरात ब्रेक लावा, अरुंद जागेत यू-टर्न घ्या. परत आल्यावर प्रत्येक पट्ट्यावरून हात फिरवा. पट्टे सैल झालेले असतीलच. पुन्हा ओढा. गाडी मुद्दाम गवतावर आडवी करून एकट्याने उचलून बघा. उचलता आली नाही तर वजन कमी करा, किंवा एकटे जाऊ नका.

टप्पा ४: इंधन, पाणी, स्टोव्ह

लादलेली गाडी खालच्या गिअरमध्ये खडीवर पंचवीस-तीस टक्के जास्त पेट्रोल पिते असं धरा. टाकीवर ३०० किलोमीटर जात असाल तर २३० समजा. त्यातही मागे फिरावं लागलं तर पुरेल एवढं हवं. जादा पेट्रोल इंधनासाठीच बनवलेल्या डब्यात न्या, काठोकाठ भरू नका आणि उन्हात तापलेला डबा हळू उघडा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीच नको. तहानेने व्याकूळ झालेला माणूस तोंडाला काय लावतो ते पाहत नाही.

उंचीवर हवा विरळ होते. दर हजार मीटरला इंजिनाची ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते. इंधन इंजेक्शन असलेली गाडी मिश्रण आपोआप जुळवते. कार्ब्युरेटरची गाडी गुदमरल्यासारखी चालते, काळा धूर सोडते. गाडी बिघडली असं समजून भर खिंडीत कार्ब्युरेटर खोलू नका. खालचा गिअर टाका आणि चढत राहा.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी धरा. वाटेत पाणी भरायचं असेल तर गाळून उकळा किंवा फिल्टर वापरा. स्वच्छ दिसणाऱ्या ओढ्याच्या वर मेलेलं जनावर आहे की नाही हे खालून दिसत नाही.

स्टोव्हमध्ये गॅसच्या डब्यांची एक गोम आहे. साधा ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू होणंच बंद करतो, म्हणजे डबा भरलेला असून ज्योत मरते. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या आणि रात्री डबा झोपायच्या पिशवीत ठेवा. पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह असेल तर इंधनाची काळजी मिटते, पण तो पेटवायला घरी शिका. पहिल्यांदा पेटवताना भडका हमखास उडतो. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी. कडधान्य शिजतच नाही आणि इंधन संपतं. झटपट शिजणारं किंवा नुसतं गरम करायचं खाणं न्या.

टप्पा ५: खडी लागण्याआधी हवा

डांबर संपतं तिथेच थांबा. सकाळी टायर थंड असताना काय दाब होता ते लिहून ठेवलेलं असावं. तिथून १५ ते २५ टक्के उतरवा: २८ पीएसआय (पंपावर दिसणारं दाबाचं माप) असेल तर २२ ते २४, मोठ्या गाडीत ३६ असेल तर २८ च्या आसपास. ट्यूबचे टायर आणि मागे वजन असेल तर मागची हवा बेताने उतरवा, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि एकाच वेळी दोन भोकं पडतात. चालून टायर तापले असतील तर दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतात, तेवढं धरून चला.

*सावधान:* हवा भरायचा पंप सोबत नसेल तर हवा कमी करू नका. आणि पंप चालतो का ते घरी पाहिलेलं असावं. बॅटरीवरचा पंप असेल तर त्याची वायर गाडीला पुरते का, हेसुद्धा.

एबीएस मागच्या चाकासाठी बंद करता येत असेल तर उतारावर खडी लागण्याआधी बंद करा. सैल खडीच्या उतारावर एबीएस चाक अडकू देत नाही आणि थांबायचं अंतर वाढतं. गाडी बंद करून चालू केली की बऱ्याच गाड्यांत ते आपोआप पुन्हा सुरू होतं. चहाला थांबलात की पुन्हा पाहा.

टप्पा ६: चालवणं

फूटपेगवर उभे राहा. गुडघ्यांनी टाकी हलकी धरा, कोपरं बाहेर, हँडलवर हात सैल. हँडल थोडं इकडेतिकडे हलणार, हलू द्या. घट्ट धरून ते रोखू पाहणाऱ्याचे हात तासाभरात जातात आणि गाडी जास्त घसरते. नजर पुढच्या चाकावर नको, वीस-तीस मीटर पुढे. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल.

ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत. वळणात पुढचा ब्रेक लावू नका. बाहेरच्या फूटपेगवर वजन द्या, गाडी आत झुकवा, शरीर सरळ ठेवा. घट्ट वळण असेल तर बसा आणि पुढे सरका, टाकीजवळ.

उतारावर दुसरा किंवा पहिला गिअर, क्लच सोडलेला, इंजिनाचा आधार. पुढचा ब्रेक दोन बोटांनी, हळू. क्लच दाबून उतरणं ही खडीवरची सर्वांत महागडी सवय आहे: इंजिनाचा आधार जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि पुढचं चाक अडकतं.

चढावर उलट. खाली थांबून पूर्ण वाट पाहून घ्या, गिअर आधी निवडा आणि मधे थांबू नका. तरी बंद पडलीच तर पुढचा ब्रेक धरा, गिअर तसाच ठेवा, इंजिन बंद. आता क्लच हळूहळू सोडत-धरत गाडी मागे उतरवता येते; गिअर मागच्या ब्रेकचं काम करतो. घाबरून क्लच दाबला तर गाडी मागे पळते.

रस्त्यावर आडव्या नाळ्या पडल्या असतील तर कडेने जा, तिथे त्या उथळ असतात. मात्र दरीकडची कड नको. पावसानंतर ती आतून पोकळ असते.

आंधळ्या वळणाआधी हॉर्न. समोरून मोठं वाहन आलं तर डोंगराच्या बाजूला, शक्य तेवढं आधी थांबा. गटात असाल तर पुढच्याची धूळ बसेल एवढं अंतर ठेवा आणि प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबा. गटाचा वेग सर्वांत नवख्या माणसाने ठरवायचा, आणि तो शेपटाला नको, दुसऱ्या क्रमांकावर हवा.

टप्पा ७: ओढा ओलांडणं

आधी चालत. दर वेळी. काठीने तळ चाचपा, दगड कुठे आहेत, खोली किती, प्रवाहाचा जोर किती ते पाहा. पाणी चाकाच्या आसापर्यंत असेल तर सावकाश निभतं. गुडघ्याच्या वर जोराचं पाणी असेल आणि तुम्हालाच उभं राहता येत नसेल, तर गाडीलाही येणार नाही.

वितळत्या बर्फाचे ओढे पहाटे सर्वांत कमी असतात आणि दुपारनंतर फुगतात. संध्याकाळी अडलात तर अलीकडेच तंबू टाका, पाण्यापासून उंच जागी, आणि सकाळी ओलांडा. पावसाने फुगलेल्या ओढ्याला हा नियम लागू नाही; तिथे पाऊस थांबून पाणी ओसरेपर्यंत थांबायचं.

पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर. मधे गिअर बदलू नका. उतरून ढकलायची असेल तर प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा, म्हणजे गाडी पडली तर तुमच्यावर येणार नाही. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून वाळवा.

*सावधान:* गाडी पाण्यात पडून इंजिन बंद झालं तर स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर काढा, एअर फिल्टरच्या खोक्यातलं पाणी काढा, स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवा, पाणी उडायचं थांबलं की प्लग पुसून लावा. इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल तर ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ८: गाडी पडली किंवा पंक्चर झाली

पडल्यावर आधी स्वतःला तपासा, मग इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडा आणि गिअर टाका, नाहीतर उचललेली गाडी दुसरीकडे जाते. हँडल पूर्ण वळवा, सीटला पाठ टेकवा, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर मागे चालत उठवा. सामान आधी काढा. लाज वाटून सामानासकट उचलणारे कंबर धरून बसतात.

ट्यूबचं पंक्चर. हे काम घरी एकदा पूर्ण करून पाहिलेलं असेल तरच रस्त्यावर जमतं. तीन जागी लोक अडतात.

पहिली: टायर निघतच नाही. लिव्हरने जोर लावायच्या आधी समोरच्या बाजूची टायरची कड पायाने रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. तेवढ्याने इकडे ढील मिळते. ढील न मिळवता जोर लावाल तर लिव्हर वाकेल, टायर नाही.

दुसरी: खिळा आतच राहतो. ट्यूब काढली की टायरच्या आतून बोटं सावकाश, गोल फिरवा. कापडाचा तुकडा फिरवलात तर बोट कापणार नाही आणि काटा कापडाला अडकेल. ट्यूबवरचं भोक व्हॉल्वपासून किती अंतरावर आहे ते पाहिलंत तर टायरमध्ये तेवढ्याच अंतरावर शोधता येतं. आणि एक सापडला म्हणून थांबू नका.

तिसरी: नवी ट्यूब लिव्हरने चिमटते. बसवताना ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच थोडी हवा भरा. व्हॉल्व रिममधून काढून नट दोन आटेच लावा. टायरची कड व्हॉल्वच्या समोरच्या बाजूने बसवायला सुरुवात करा आणि व्हॉल्वपाशी संपवा. शेवटचा वीतभर भाग अवघड जातो. तिथे जोर न लावता पुन्हा समोरची कड खोलगट भागात गेली आहे का ते पाहा. लिव्हर गरजेपुरताच आत घाला. हवा भरून कडेची रेघ रिमपासून सगळीकडे सारखी आहे का ते तपासा, मगच चाक बसवा.

एकच जादा ट्यूब न्यायची असेल तर पुढच्या चाकाची न्या. अडचणीत ती मागच्या चाकात कोंबून हळूहळू गावापर्यंत जाता येतं; मागची जाड ट्यूब पुढे जात नाही.

टप्पा ९: मुक्कामाची जागा आणि रात्र

जागा शोधताना आधी वर बघा: सुटे दगड, दरडीच्या ताज्या खुणा, वाळलेल्या फांद्या. मग खाली बघा: कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू नको, आकाश निरभ्र असलं तरी. पाऊस वरच्या खोऱ्यात पडतो. दरीच्या तळाशी थंड हवा साचते, म्हणून तळापासून थोड्या उंचीवरच्या सपाट जागी रात्र कमी गारठ्याची जाते. जमीन कोणाची आहे ते कळत असेल तर विचारा. पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर राहा. शौचाचा खड्डाही तेवढाच दूर आणि वीतभर खोल.

पोचल्यावरचा क्रम: गाडी उभी करणं, तंबू, झोपायची पिशवी मोकळी करून फुलू देणं, कोरडे कपडे, मग चहा-जेवण. लोक आधी चहा करतात आणि तंबू वाऱ्यात, अंधारात उभा करतात.

गाडी नाक चढाकडे करून, गिअरमध्ये उभी करा आणि साइड स्टँडखाली सपाट दगड किंवा पत्रा ठेवा. रात्री पावसाने माती मऊ होते आणि गाडी कलंडते. म्हणूनच तंबूपासून गाडी तिच्या उंचीच्या दुपटीएवढ्या अंतरावर हवी.

थंडीचा अंदाज: दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याला रात्री १५ अंश असेल तर अडीच हजार मीटर वर शून्याच्या खाली जाणार. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात. त्यातला ‘कम्फर्ट’ पाहा. दुसरा खालची मर्यादा सांगतो, त्यावर झोप लागत नाही. आणि पिशवीइतकीच मॅट महत्त्वाची: पाठीखालची पिशवी वजनाने दबून पातळ होते, जमिनीची थंडी मॅटच अडवते. शून्याच्या आसपास आर-मूल्य (थंडी अडवायच्या ताकदीचा आकडा) चारच्या वर असलेली मॅट घ्या.

*सावधान:* तंबूत स्टोव्ह पेटवू नका, बाहेर पाऊस असला तरी, ‘दोनच मिनिटं’ असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खाणं आणि कचराही तंबूत ठेवून झोपू नका. वासाने जनावरं येतात.

टप्पा १०: सकाळ

निघायच्या आधी दहा मिनिटं गाडीला द्या. चेनवर तेल, टायरची हवा, ऑइलची पातळी, ब्रेक, स्पोकवर एक फेरी, कॅरिअर आणि चौकटीचे बोल्ट, शेवटी पट्टे. खडीच्या धक्क्यांनी बोल्ट सैल होतातच. आधीच एकेक रंगाची रेघ ओढून ठेवली असेल तर सरकलेला बोल्ट नजरेत भरतो. सावलीतल्या वळणांवर सकाळी बर्फाचा पापुद्रा असतो. ऊन पोचेपर्यंत तिथे घाई नको.

डांबर परत लागलं की तिथेच थांबून हवा मूळ दाबावर आणा आणि मागचं एबीएस चालू करा. कमी हवेचा टायर डांबरावर वेगात तापतो आणि वळणात गाडी डुलते. घरी पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत एअर फिल्टर साफ करा किंवा बदला, पुढचं चाक उचलून बेअरिंग हलतं का ते पाहा, आणि तंबू पूर्ण वाळवूनच गुंडाळा.